मेमरी कार्ड घेताना : छापलेला आकडा आणि खरा आकडा

"कार्ड कुठलं घेऊ गं?" हा प्रश्न आमच्या फोटोग्राफी क्लबमध्ये "कॅमेरा कुठला घेऊ?" पेक्षा जास्त वेळा विचारला जातो. कारण उघड आहे. कॅमेरा बहुधा दादाचा किंवा काकांचा वापरलेला मिळतो, कार्ड मात्र आपल्या पॉकेटमनीतून घ्यायचं असतं. दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा बोटाने दाखवतो, "हे बघा, १७० एमबी, सगळ्यात फास्ट," आणि आपण पैसे मोजून बाहेर पडतो.

यंदा क्लबच्या वर्गणीतून कार्ड घ्यायचं ठरलं आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे २५६ जीबीचं एकच स्वस्त कार्ड घेऊ, वर्षभर बघायला नको. दुसरी म्हणे तेवढ्याच पैशांत ६४ जीबीची दोन चांगली कार्डं घेऊ. मी ई अँड टीसीच्या थर्ड इयरला आहे आणि इंदापुरात माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ आहे, एवढ्या दोन क्वालिफिकेशनवर हा निवाडा माझ्याकडे आला. त्यासाठी जे वाचलं, मोजलं आणि मामांकडून ऐकलं ते इथे लिहिते. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे स्पीडला मी स्पीडच म्हणणार. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळ बघून घेईल.

आपल्या बारामती-इंदापूर भागात कार्डाची परीक्षा घेणाऱ्या दोन जागा आहेत. एक म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. पुण्या-मुंबईचे लोक भल्यामोठ्या लेन्स घेऊन पहाटे होडीत बसतात. फ्लेमिंगो एकदम उडत नाही, आधी पाण्यावर काही पावलं पळतो आणि मग पंख उघडतो. आतला गुलाबी-काळा रंग दिसतो तो तेवढाच, काही सेकंद. (होडीवाल्या दादांना "जरा पक्षी उडवा ना" असं सांगणारे महाभाग असतात. कृपा करून तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. थांबलात तर ते आपले आपण उडतात.)

दुसरी जागा म्हणजे तुकोबांची पालखी. आषाढात ती बारामतीतून निघाली की काटेवाडीला रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पुढे बेलवाडीला गोल रिंगण. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतात. अश्वांची फेरी बघता बघता संपते. वरून पाऊस किंवा खालून धूळ, दोन्हीपैकी एक नक्की. तो क्षण हुकला की पुढच्या आषाढापर्यंत थांबा. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, त्या दोन वर्षी तर हे दृश्यच नव्हतं.

अशा वेळी कॅमेरा "बिझी" असं दाखवून गप्प बसला तर लेन्स कितीही भारी असली तरी तिचा उपयोग शून्य. कॅमेरा गप्प का बसतो हे कळलं की कार्डाचं निम्मं गणित सुटतं.

त्यासाठी भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे चला. इंदापूर-बारामती एसटीने अप-डाऊन करणाऱ्यांना सीझनमध्ये तिथली उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पाठ झालेली असते. ऊस काट्यावर येतो, वजन होतं, यार्डात उभा राहतो आणि गव्हाणीत पडतो. कारखान्याची गाळपाची क्षमता ठरलेली असते. येणारा ऊस जास्त झाला की यार्ड भरतं, आणि यार्ड भरलं की रांग रस्त्यावर येते. कॅमेऱ्यात सेन्सर म्हणजे ऊस पाठवणारं शेत, बफर मेमरी म्हणजे यार्ड आणि कार्ड म्हणजे गाळप. बफर भरला की नवीन फोटो घ्यायला जागा उरत नाही. मग शटर दाबा नाहीतर कॅमेऱ्याला हात जोडा, फरक पडत नाही.

आता आकडे टाकून बघू. समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, रॉ फाइल साधारण २५ एमबीची होते, सेकंदाला १० फोटो निघतात आणि बफर १००० एमबीचा आहे. (बफर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, मी सोयीसाठी गोल आकडा घेतला.) म्हणजे सेकंदाला २५० एमबी माल येतोय. कार्ड जर प्रत्यक्षात ७५ एमबीने लिहीत असेल तर दर सेकंदाला १७५ एमबी तुंबतं आणि साधारण पावणेसहा सेकंदांत बफर भरतो. कार्ड अगदीच स्लो, २५ एमबीचं असेल तर साडेचार सेकंदांच्या आतच. फरक सव्वा सेकंदाचा! इथे पहिल्यांदा मलाही वाटलं की एवढ्यासाठी तिप्पट स्पीडचं कार्ड कशाला घ्यायचं?

खरा फरक त्यानंतर आहे. भरलेला बफर रिकामा व्हायला ७५ वाल्या कार्डाला १३ सेकंद लागतात, २५ वाल्याला ४० सेकंद, आणि २०० एमबीने लिहिणाऱ्याला फक्त ५. चाळीस सेकंदांत बेलवाडीचा अश्व कुठल्या कुठे पोचलेला असतो. तुळशीवाल्या बाया धावताना तुम्ही बोट दाबून धरलंत आणि लगेच अश्व सुटले, तर तुमचा कॅमेरा अजून बायांचेच फोटो कार्डावर उतरवत बसलेला असेल. म्हणजे फास्ट कार्डामुळे एका दमात फोटो थोडे जास्त मिळतात, पण दुसऱ्या दमाला कॅमेरा तयार असतो हा मोठा फायदा.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की रॉ ऐवजी जेपीईजी लावलं, फाइल १० एमबीची झाली, तर सेकंदाला १०० एमबीच येतात. ७५ वाल्या कार्डावर मग बफर भरायला ४० सेकंद लागतात, म्हणजे व्यवहारात तो भरतच नाही. ज्यांच्याकडे महाग कार्डाचे पैसे नाहीत त्यांनी रिंगणाच्या वेळी एक्स्पोजर नीट सेट करून जेपीईजीवर यावं. हा सल्ला कुठलाही दुकानदार देणार नाही, कारण यात विकायला काहीच नाही.

आता पाकिटावरच्या त्या १७० कडे वळू. तो आकडा बहुतेक वेळा रीड स्पीडचा असतो, म्हणजे कार्डावरून कॉम्प्युटरवर कॉपी करतानाचा, आणि त्याच्याआधी बारीक अक्षरात "पर्यंत" या अर्थाचा शब्द असतो. फोटो काढताना लागतो तो राइट स्पीड. तो पाकिटाच्या मागे असतो नाहीतर छापलेलाच नसतो. शिवाय कार्डावर रोमन एक असेल तर ते यूएचएस-वन कार्ड, आणि त्या बसची मर्यादाच १०४ एमबी प्रतिसेकंद आहे. मग १७० कुठून आले? कंपनीने स्वतःची वेगळी युक्ती वापरलेली असते आणि तो स्पीड त्यांच्याच रीडरमध्ये मिळतो, बहुतेक कॅमेऱ्यांत मिळत नाही. रोमन दोन असेल तर यूएचएस-टू. त्याच्या मागे पिनांची जास्तीची एक ओळ दिसते आणि मर्यादा ३१२ एमबीपर्यंत जाते. हे कार्ड साध्या स्लॉटमध्येही चालतं, पण तिथे ते साध्यासारखंच वागतं. म्हणून आधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडून स्लॉट कुठला आहे ते बघा. सिंगल फेज मोटरला थ्री फेज कनेक्शन आणून देण्यात काय अर्थ आहे?

कार्डावरचा विश्वास ठेवण्यासारखा आकडा आकाराने लहान असतो. 'सी' अक्षराच्या आत १०, 'यू' च्या आत १ किंवा ३, आणि 'व्ही' च्या पुढे ३०, ६०, ९०. हा आकडा म्हणजे सलग लिहिताना कार्ड ज्याच्या खाली जायचं नाही असा स्पीड, जास्तीत जास्त नव्हे तर कमीत कमी. सी १० आणि यू १ म्हणजे १० एमबी, यू ३ आणि व्ही ३० म्हणजे ३० एमबी, व्ही ६० म्हणजे ६०. 'ए १', 'ए २' ही अक्षरं मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्तीचे पैसे मोजू नका.

व्हिडिओवाल्यांचा नेहमीचा गोंधळ बिट आणि बाइटचा. कॅमेऱ्यात लिहिलेलं असतं फोर-के १०० एमबीपीएस, ते वाचून लोकांना वाटतं १०० एमबीचं कार्ड पाहिजे. पण ते मेगाबिट आहेत. आठने भागा, साडेबारा एमबी आले. व्ही ३० कार्डाला ते किस झाड की पत्ती. याच हिशोबाने ६४ जीबीच्या कार्डात असा व्हिडिओ साधारण १ तास २५ मिनिटं मावतो. लग्नात हळदीपासून सप्तपदीपर्यंत किती कार्डं लागतील हे मामा असंच काढतात, फक्त त्यांना बिट-बाइट माहीत नाही. ते म्हणतात, "अगं, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नवं कार्ड टाकायचं, मग जुनं कितीही रिकामं असो. तुझं इंजिनिअरिंग त्यानंतर."

टिकाऊपणाचा विषय थोडा खोलातला आहे आणि माझ्या ब्रँचचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. मेमरी कार्डाच्या पोटात नँड फ्लॅश असते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या टीमने ती १९८७ मध्ये मांडली. डेटा क्षणात पुसला जाताना बघून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे कॅमेऱ्यानेच नाव दिलं आणि शेवटी ती कॅमेऱ्यातच येऊन बसली.

प्रत्येक सेल म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक छोटी खोली. सुरुवातीच्या एसएलसी सेलमध्ये एकच बिट, म्हणजे खोली भरलेली की रिकामी एवढंच ओळखायचं. आता स्वस्ताईसाठी टीएलसीमध्ये एकाच सेलमध्ये तीन बिट ठेवतात, त्यासाठी चार्जच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटच्या क्यूएलसीमध्ये १६. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी चूक व्हायची शक्यता जास्त आणि लिहायला वेळही जास्त. शिवाय प्रत्येक वेळी लिहिता-पुसताना इलेक्ट्रॉन इन्सुलेटरच्या पातळ थरातून आरपार जातात आणि थर झिजतो. एसएलसी लाखभर वेळा लिहिणं-पुसणं सोसायची, टीएलसी साधारण हजार ते तीन हजार वेळा, क्यूएलसी त्याहून कमी. एकाच जागेवर ताण येऊ नये म्हणून कार्डातला कंट्रोलर आलटून पालटून वेगवेगळ्या जागी लिहितो.

हजार हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. निराशावादी होऊन ५०० धरू. क्लबचं कार्ड आठवड्याला एकदा पूर्ण भरलं आणि रिकामं केलं तर वर्षात सुमारे ५० वेळा, म्हणजे १० वर्षं. तोपर्यंत आपण सगळे नोकरीला लागलेले असू (अशी आशा). उलट गाडीतला डॅशकॅम किंवा गोठ्यावर लावलेला सीसीटीव्ही बघा. सेकंदाला २ एमबी धरले तरी दिवसाला जवळपास १७२ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड रोज पावणेतीन वेळा भरणार आणि वर्षभरात हजाराच्या घरात जाणार. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेली कार्डं त्या कामासाठी असतात. फोटोसाठी तीच टिकाऊ म्हणून गळ्यात मारली जातात. ती वाईट नसतात, पण आपल्याला पाहिजे तो राइट स्पीड त्यांच्यात असेलच असं नाही.

फ्लॅशची अजून एक गंमत म्हणजे तिच्यावर एकेक पान लिहिता येतं, पण खोडायचं तर अख्खी वहीच खोडावी लागते. मधले मधले फोटो डिलीट करत राहिलं की कंट्रोलरला चांगली पानं आधी दुसऱ्या वहीत उतरवून मग जुनी वही पुसावी लागते, आणि कार्ड हळूहळू मंदावतं. म्हणून होडीत बसल्या बसल्या एकेक फोटो खोडत बसू नका. घरी सगळं कॉपी करा, उघडून बघा आणि मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारा.

तर आपली कार्डं झिजून मरत नाहीत. मग कशाने मरतात? मामांच्या स्टुडिओत एक बरणी आहे, गेलेल्या कार्डांची. त्यातली बरीचशी माणसांनी मारलेली आहेत. लाल दिवा लुकलुकत असताना बॅटरी काढणं हे पहिलं कारण. तेव्हा फाइलींची यादी अर्धवट लिहिली जाते आणि कॅमेऱ्याला कार्ड रिकामं किंवा खराब वाटतं. (अशा वेळी त्यावर पुढे काहीच लिहू नका. फोटो बहुतेक जागेवर असतात, हरवलेली असते ती यादी. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते शोधून काढतं.) दुसरं कारण पिनांवरची धूळ आणि घामाचा हात. तिसरं म्हणजे कडेची ती लॉकची पट्टी. ती निव्वळ प्लास्टिकची आहे, आतल्या सर्किटला कुठेही जोडलेली नाही. कॅमेरा फक्त खाच उघडी आहे का ते बघतो. पट्टी तुटून पडली की कार्ड कायमचं 'लॉक' दिसतं. खाचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा लावला की चालतं, पण तेवढ्यापुरतंच. टेप स्लॉटमध्ये निघाली तर नवीन उपद्व्याप. पाण्याचं म्हणाल तर चांगल्या कार्डांवर आयपीएक्स ७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पालखीच्या पावसाला ते पुष्कळ झालं, फक्त ओलं कार्ड तसंच कॅमेऱ्यात घालू नका. मोबाइलचं छोटं कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून वापरणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्या की पिनांची आणखी एक जोडी मध्ये आली. धुळीच्या गावात जोड जितके कमी तितकं बरं.

आणि बरणीतली उरलेली कार्डं नकली आहेत. मामांच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने बाहेरगावच्या एका दुकानातून १२८ जीबीचं कार्ड निम्म्या किमतीत आणलं. नकली कार्डात आत मेमरी थोडीच असते, पण कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेरा विचारतो जागा किती, ते सांगतं १२८. खरी जागा संपली की पुढचे फोटो जुन्यांवर लिहिले जातात नाहीतर हवेत जातात. नावं मात्र सगळी दिसतात. त्या लग्नात हळदीचे फोटो नीट आले आणि नंतरच्या बहुतेक फोटोंत वर थोडं चित्र आणि खाली करडा पट्टा. मुलीची आजी व्हीलचेअरवरून अक्षता टाकायला आली होती, दीड महिन्यात ती गेली. घरच्यांना फोटोग्राफरकडून पैसे परत नको होते, तो एक फोटो हवा होता. तो फोटोरेकलाही सापडला नाही, कारण तो कुठे लिहिलाच गेला नव्हता.

ही फसवणूक घरबसल्या पकडता येते हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कार्ड नुसतं उघडून त्याची साइज बघणं म्हणजे चोरालाच विचारणं. ते पूर्ण भरून आणि परत वाचूनच बघावं लागतं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्सवर एफ-थ्री ही दोन सॉफ्टवेअर नेमकं हेच करतात, दोन्ही फुकट आहेत. नवं कार्ड आणल्या दिवशीच लावा, म्हणजे बिल हातात असतानाच बदलून मागता येतं. यात राइट स्पीडही दिसतो, त्यामुळे पाकिटावरच्या आकड्याचीही हजेरी होते. एकच काळजी घ्या. रीडर यूएसबी-टूचा असेल तर ३०-४० एमबीच्या वर काहीच दिसणार नाही आणि चांगलं कार्डही नापास वाटेल. लॅबमधल्या जुन्या पीसीवर टेस्ट करून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. बंद पाकिटातलं, बिलासहित, ओळखीच्या दुकानातून घेतलेलं कार्डही टेस्ट करा, कारण दुकानदारही कधी कधी फसलेला असतो.

क्लबच्या भांडणाचा निकाल एव्हाना तुम्हाला कळला असेल. आमच्या कॅमेऱ्यात यूएचएस-टूचा स्लॉट आहे, म्हणून ६४ जीबीची व्ही ६० ची दोन कार्डं घ्यावीत असं मी लिहून दिलं. आमच्या कॅमेऱ्याचा स्लॉट यूएचएस-वनचा असता तर व्ही ३० ची दोन सांगितली असती आणि उरलेल्या पैशांत यूएसबी-थ्रीचा रीडर. ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन स्लॉट आहेत त्यांनी दोन्हीकडे एकच फोटो लिहायचं सेटिंग लावावं, पण तेव्हा कॅमेरा दोघांतल्या स्लो कार्डाच्या चालीने चालतो, म्हणून जोडी सारखी ठेवा. महागड्या कॅमेऱ्यांत येणारं सीएफएक्सप्रेस हे आणखी वेगळं प्रकरण आहे. त्याचा स्पीड एसडीच्या कितीतरी पट, किंमतही तशीच. आमच्या क्लबमध्ये तो प्रश्न अजून कोणाला पडलेला नाही.

२५६ वाल्या पार्टीचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मोठं कार्ड सोयीचं असतंच. पण भिगवणची सकाळ आणि बेलवाडीचं रिंगण एकाच कार्डावर ठेवून ते होडीतून पाण्यात पडलं तर दोन्ही गेले. कार्डं आली की दोघांच्या पाठीवर मार्करने वापर सुरू केल्याची तारीख लिहायची आहे. डबीत भरलेलं कार्ड पालथं आणि रिकामं उताणं ठेवायचं, ही मामांची पद्धत. रिंगणाच्या गर्दीत अंधारून आलेलं असताना नुसत्या बोटाला कळतं की कुठलं घ्यायचं.